राजाचे चोवीस फूट

फ्रान्समधल्या द्राक्षबागांच्या मुलखातून, नद्या-कालव्यांच्या काठाने, मोटारीचा भोंगा कानावर न पडता दिवसच्या दिवस सायकल चालवता येते. मुरमाची नाहीतर बारीक खडीची वाट, एका अंगाला संथ पाणी, दुसऱ्या अंगाला शेते आणि वेलींच्या रांगा, मधूनच एखादे लॉक, म्हणजे नाव वर-खाली करण्याचे दरवाजांचे कुंड, आणि त्याच्या राखणदाराचे बैठे घर. जाड टायरच्या ग्रॅव्हल सायकली बाजारात आल्यापासून या वाटांवर वर्दळ आणखी वाढली आहे. पर्यटनाची पत्रके वाचली की वाटते, कोणा रसिक अधिकाऱ्याने नकाशा पुढ्यात घेऊन, देखणी गावे हेरून, त्यांच्यामधून ही निवांत रेघ ओढली असावी. तसे काही घडलेले नाही. या वाटा विरंगुळ्यासाठी आखलेल्या नव्हत्या. त्या मालवाहतुकीच्या होत्या आणि त्या मालात वाइनच्या पिंपांचा वाटा मोठा होता. माल दुसरीकडून जाऊ लागला, वाट मागे राहिली. पण जगात अशा सोडलेल्या वाटा पुष्कळ असतात. बहुतेक नांगराखाली जातात, काही डांबराखाली जातात, उरलेल्या शेजारचे शेतकरी हळूहळू बांध कोरून गिळतात. आपल्याकडच्या पाणंदींचे काय झाले ते कोणाला वेगळे सांगायला नको. फ्रान्समधल्या या वाटा मात्र अशा गेल्या नाहीत. माझ्या मते त्याचे कारण त्या देशाच्या निसर्गप्रेमात नाही, सायकलप्रेमातही नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वी सरकारने काठाच्या जमिनीवर एक हक्क ठेवला, आणि ज्या धंद्यासाठी तो ठेवला तो धंदा बुडाल्यावरही तो सोडून द्यायचे कोणाच्या मनात आले नाही, हे ते कारण आहे.

सुरुवात पिंपाच्या वजनापासून करू. बर्गंडीचे पिंप २२८ लिटरचे, बोर्दोचे २२५ लिटरचे. लाकूड धरून एकेक पिंप अडीच क्विंटलाच्या वर जाते. असा माल खाचखळग्यांच्या रस्त्याने गाडीत घालून शेकडो किलोमीटर न्यायचा तर भाडे मालाच्या किमतीला भिडते, आणि हादऱ्यांनी पिंप गळू लागले की उरलासुरला नफाही जातो. पडावात मात्र तीच पिंपे शंभरांनी चढतात. रोजे दियाँ या फ्रेंच भूगोलतज्ज्ञाने १९५९ साली फ्रान्समधल्या द्राक्षवेलीचा आणि वाइनचा जो थोर इतिहास लिहिला, त्याचा गाभा हाच आहे: नामांकित द्राक्षबागा कुठे वाढल्या हे जमिनीइतकेच बाजाराच्या वाटेने ठरले, आणि ती वाट बहुधा पाण्याची होती. याला वाइनचे दर्दी लगेच हरकत घेतात. त्यांच्या मते सगळे श्रेय मातीचे, उताराचे आणि उन्हाचे. मातीचे महत्त्व दियाँनेही नाकारले नव्हते. पण योन नदीच्या खोऱ्याकडे पाहावे. ओसेर आणि शाब्ली या भागाची वाइन योनमार्गे पॅरिसला जाई. एकोणिसाव्या शतकात योन जिल्ह्यात द्राक्षबागा चाळीस हजार हेक्टरांच्या आसपास होत्या. पुढे दक्षिणेची स्वस्त वाइन रेल्वेने पॅरिसला पोचू लागली, पाठोपाठ फिलॉक्सेरा ही मुळे खाणारी कीड आली, आणि १९५० च्या दशकात शाब्लीसारख्या जगप्रसिद्ध नावाखाली उरल्या होत्या जेमतेम पाचशे हेक्टरभर बागा. या शंभर वर्षांत शाब्लीची चुनखडी काही बदलली नव्हती. किडीने घाव घातला हे खरे, पण तीच कीड दक्षिणेतल्या लाँगदोकमध्येही आली होती आणि तिथे बागा पुन्हा झपाट्याने लागल्या. फरक होता तो कोणाच्या मालाला कोणती वाट मिळाली याचा.

नदी म्हणजे नुसते पाणी नव्हे, तिच्यावर कोणाची सत्ता चालते हाही हिशेब असतो. लोत नदीच्या काठची काओरची काळपट वाइन खाली गारोनमध्ये उतरून बोर्दोच्या बंदराकडे जाई. पण बोर्दोकरांनी जुन्या विशेषाधिकारांच्या जोरावर वरच्या मुलखातल्या वाइनला हंगामातल्या ठरावीक तारखेपर्यंत शहरात पाऊल ठेवू दिले नाही. आपला माल आधी इंग्रजांच्या आणि डचांच्या जहाजांत चढावा, मग बाकीच्यांचा. १७७६ साली तुर्गो या मंत्र्याने वाइनचा व्यापार खुला करणारा हुकूम काढला तेव्हा कुठे हा जाच कायद्याने संपला. काठावरचा प्रत्येक जमीनदार, प्रत्येक मठ, प्रत्येक नगरपालिका पाण्यावरून जाणाऱ्या मालाकडे असा डोळा ठेवून असे. कोणी जकात बसवी, कोणी गिरणीचा बांध घाली, कोणी काठापर्यंत कुंपण आणी.

यातल्या शेवटच्या उपद्रवावर ऑगस्ट १६६९ मध्ये उपाय निघाला. चौदाव्या लुईच्या नावाने त्याचा मंत्री कोल्बेर याने पाणी आणि जंगले यांविषयी मोठा हुकूमनामा काढला. त्याच्या अठ्ठाविसाव्या प्रकरणातले सातवे कलम चार ओळींचे आहे, पण माझ्या लेखी आजच्या सायकलवाटांचा पाया तेच आहे. नाव चालू शकेल अशा नदीला लागून ज्यांची जमीन आहे त्यांनी काठाने चोवीस फूट जागा राजरस्त्यासाठी आणि नाव ओढणाऱ्या घोड्यांसाठी मोकळी सोडावी. ज्या बाजूने नावा ओढल्या जातात तिथे तीस फुटांच्या आत झाड लावू नये, कुंपण घालू नये. समोरच्या काठाला दहा फूट सोडावेत. मोडेल त्याला पाचशे लिव्र दंड, झाडे जप्त. झाडांवर एवढा राग का, ते नाव ओढण्याची रीत डोळ्यांपुढे आणली की कळते. घोडा काठाने चालतो, नाव प्रवाहात मागून येते, आणि मधला लांब दोरखंड जमिनीपासून कंबरेच्या उंचीवर तिरका फिरत जातो. वाटेत एक विलोचे झुडूप आले तरी दोर अडकतो, नाव प्रवाहाला आडवी होते. म्हणून ही जागा सलग हवी. कुठेही तुटलेली चालत नाही. जमीन मात्र मालकाचीच राहिली. राजाने ती विकत घेतली नाही की भरपाई दिली नाही. वहिवाटीचा हक्क तेवढा ठेवला.

पुढे क्रांती झाली. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सरंजामी हक्क रद्द झाले, काही वर्षांत राजाचे मुंडकेही उडाले. त्या धामधुमीत काठावरच्या मालकांना हे ओझे झुगारायची नामी संधी होती. पण १८०४ च्या दिवाणी संहितेने नदीकाठची ही वाट सार्वजनिक उपयोगाचा हक्क म्हणून नोंदवली, आणि १८०८ साली नेपोलियनने कोल्बेरचे कलम साम्राज्यातल्या नाव चालणाऱ्या सगळ्या नद्यांना लागू केले. आज २००६ च्या सार्वजनिक मालमत्तेच्या संहितेत हा हक्क जिवंत आहे, आणि त्यातले आकडे बघण्यासारखे आहेत: ७.८० मीटर, ९.७५ मीटर, ३.२५ मीटर. कोणता शहाणा कायदा लिहिणारा आपणहून पावणेदहा मीटर म्हणेल? राजाचा फूट होता साधारण ३२.४८ सेंटिमीटरचा. त्याने चोवीसला, तिसाला आणि दहाला गुणले की नेमके हेच आकडे येतात. प्रजासत्ताकाने मोजपट्टी बदलली, माप तेच ठेवले. इतिहासात सातत्याचा पुरावा सहसा असा दशांशापर्यंत मिळत नाही.

या काठांवर चालणारे काम मात्र निवांत अजिबात नव्हते. ऱ्होन नदीत उलट्या प्रवाहाने वर जाणाऱ्या नावांच्या माळेला डझनांनी घोडे जुंपत. काँद्रियूचे नावाडी या कामात नावाजलेले. पूर आला की घोडे दोरासकट ओढले जात. बर्गंडीच्या कालव्यांवर तर घोड्याचे भाडे परवडत नाही म्हणून माणसेच छातीवरून रुंद पट्टा घालून नावेला जुंपून घेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हे दृश्य नवलाचे नव्हते. वेग ताशी एक-दोन किलोमीटर. लोत नदीवर बूझियेजवळ या धंद्याची खूण दगडातच राहिली आहे. तिथे चुनखडीचा कडा सरळ पाण्यात उतरतो, काठ असा नाहीच. १८४३ पासून पुढची काही वर्षे तो कडा आतून कोरून, डोक्यावर खडकाचे छत ठेवून, वाट खोदली. भिंतीवर छिन्नीचे घाव दिसतात. एवढा खटाटोप झाल्यावर १८८६ मध्ये काओरपासून काप्दनाकपर्यंत रेल्वे आली. १९२६ साली लोतचे नाव वाहतुकीच्या नद्यांच्या यादीतूनच कमी झाले. चाळीस वर्षांत निकामी झालेले काम म्हणून त्यावर हसता येईल, पण आजच्या पर्यटकांना त्या खोऱ्यात सर्वांत जास्त मोह पडतो तो त्याच कोरलेल्या वाटेचा.

नदीकाठी हक्क होता, जमीन दुसऱ्याची होती. कालव्यावर दोन्ही एका हाती आली. कालवा खणायचा तर जमीन संपादन करावीच लागते, आणि दोन्ही तीरांच्या वाटा त्या पट्ट्यातच धरलेल्या असतात. लुआर आणि सेन ही खोरी जोडणारा ब्रियारचा कालवा १६४२ मध्ये पुरा झाला. तूलूझपासून भूमध्य समुद्राकडच्या ‘तो’ नावाच्या सरोवरापर्यंत २४० किलोमीटरचा मिदी कालवा १६६६ च्या हुकुमाने सुरू झाला आणि १६८१ मध्ये खुला झाला. तो खणणारा प्येर-पोल रिके उद्घाटनाच्या काही महिने आधी वारला. रिके पेशाने मिठाच्या कराचा वसूलदार. त्याने खरा प्रश्न सोडवला तो माथ्यावरच्या पाण्याचा: मोंतान्य न्वार डोंगरातले ओढे अडवून सँ-फेरेओलच्या धरणात साठवले आणि १८९ मीटर उंचीच्या नोरूझच्या खिंडीत आणून सोडले, म्हणजे तिथून कालवा दोन्ही दिशांना उतरतो. सोन आणि लुआर जोडणारा साँत्र कालवा १७९० च्या दशकाच्या आरंभी चालू झाला. तो शान्यीजवळ द्राक्षबागांच्या पायथ्याला घासून जातो. बर्गंडीचा कालवा १७७५ मध्ये सुरू झाला आणि १८३२ च्या सुमारास संपला. १८९ लॉक, आणि माथ्यावर पूयी-आँ-ओक्सवाजवळ ३.३ किलोमीटरचा बोगदा. त्या बोगद्यात खर्च वाचवायला काठाची वाट ठेवलीच नाही. घोडे सोडून डोंगरावरून पलीकडे न्यायचे, नाव आतून कशीबशी ढकलायची. आजची सायकलवाटही तिथे पाणी सोडून डोंगर चढते. सायकलस्वाराला दम लागतो तो अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या काटकसरीमुळे.

आणि मग माल निघून गेला. १८५१ मध्ये पॅरिसहून दिजाँपर्यंत रेल्वे झाली, म्हणजे बर्गंडीच्या कालव्याला बिनस्पर्धेची वीस वर्षेदेखील धड मिळाली नाहीत. दक्षिणेत घडले ते जास्त बोलके आहे. बोर्दो ते सेत ही रेल्वे १८५७ मध्ये पुरी झाली, आणि दुसऱ्याच वर्षी, १८५८ मध्ये, मिदी कालवा चाळीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने त्याच रेल्वे कंपनीच्या हवाली झाला. प्रतिस्पर्ध्याच्या हातात किल्ली. कंपनीने कालव्याचे दर असे ठेवले की शहाण्या व्यापाऱ्याने माल रेल्वेनेच पाठवावा. १८९८ मध्ये सरकारने कालवा परत घेतला तेव्हा गिऱ्हाईक मोडलेले होते. रेल्वेने लाँगदोकला पॅरिसचा बाजार उघडून दिला, आणि मैदानात मैलोन्‌मैल एकच पीक उभे राहिले. १९०७ मध्ये भाव कोसळल्यावर तिथल्या द्राक्षबागायतदारांनी जे प्रचंड आंदोलन केले त्याच्या सभांनाही पुष्कळ लोक रेल्वेने आले. मधल्या काळात फिलॉक्सेराने देशाचे वाइनचे उत्पादन १८७५ मधल्या ८ कोटी ४० लाख हेक्टोलिटरांवरून १८८९ मध्ये सुमारे २ कोटी ३० लाखांवर आणले होते. वाहायला माल नाही आणि असला तरी तो आगगाडीत, अशा अवस्थेत फ्रेसिने या मंत्र्याच्या नावाने ओळखला जाणारा १८७९ चा कायदा आला. त्याने कालव्यांसाठी साधारण ३०० टनांच्या नावांचे एक माप ठरवले. ज्या कालव्यांची लॉक त्या मापाला वाढवली ते तगून राहिले. मिदीची लंबगोल लॉक त्या नावांना आखूड पडत होती. तरी तिथे छोट्या नावा रेटत राहिल्या आणि १९८० च्या दशकात व्यापारी वाहतूक थांबली.

रेल्वेचाही हिशेब तसाच झाला. फ्रेसिनेच्याच योजनेतून आणि तिच्या आगेमागे गावोगाव फाटे निघाले. पहिल्या महायुद्धानंतर लॉरी आली आणि त्या फाट्यांवरचे प्रवासी, मग मालही, रस्त्यावर गेला. नोरूझच्या खिंडीजवळ हे तिन्ही थर एकमेकांना खेटून पडलेले दिसतात: रिकेचा कालवा, रेल्वे आणि ए ६१ हा द्रुतगती मार्ग. पोर-लोरागे इथे द्रुतगती मार्गाचा विसावा आणि कालव्यातले नावांचे बंदर एकाच आवारात आहेत. लॉरीचालक जिथे कॉफी घेतो तिथून काही पावलांवर सहलीच्या बोटी बांधलेल्या असतात. म्हणून कालव्याकाठच्या शांततेला फार भोळेपणाने घेऊ नये. वर्दळ नाहीशी झालेली नाही, ती शेजारच्या पट्ट्यात गेली आहे.

आता मुख्य हरकत. या सगळ्या जुन्या कायद्यांचे काय घेऊन बसलात, असे कोणी विचारेल. सायकलवाटा बांधल्या त्या गेल्या तीस वर्षांत, जिल्हा आणि प्रांतांच्या पैशांतून. हरकत वजनदार आहे. १९९७ मध्ये सोन-ए-लुआर जिल्ह्याने जिव्री ते क्लूनी हा बंद पडलेल्या रेल्वेचा ४४ किलोमीटरचा पट्टा सायकली, पादचारी आणि घोडेस्वारांसाठी खुला केला. ब्यूक्सीसारख्या वाइनच्या गावांतून जाणारी ही देशातली पहिली मोठी ‘हरित वाट’. डिसेंबर १९९८ मध्ये केंद्र सरकारने अशा वाटांचा राष्ट्रीय आराखडा मान्य केला, सप्टेंबर २००४ च्या हुकुमाने वाहतुकीच्या नियमांत त्यांची व्याख्या आली. क्लूनीपासून पुढे मासाँकडे जाताना ब्वा-क्लेरचा दीड किलोमीटरहून लांब बोगदा दुरुस्त करून घेतला. हिवाळ्यात तिथे वटवाघळे झोपतात म्हणून तो बंद ठेवतात. हे काम आपोआप झालेले नाही, त्याला माणसे, पैसा आणि चिकाटी लागली. पण पैशाने काय विकत घेतले ते पाहा: पृष्ठभाग, फळ्या, दुरुस्ती. सलगता विकत घेतलेली नाही. बर्गंडीतल्या मेर्सो किंवा प्यूलिन्यी-मोंत्राशेच्या शिवारातून आठ मीटर रुंद आणि चाळीस किलोमीटर लांब पट्टा आज बाजारभावाने घ्यायला निघाले तर कोणत्याही जिल्ह्याचे अंदाजपत्रक कोलमडेल, आणि एका मालकाने नाही म्हटले तरी वाट तुटेल. सलगता आधीच सार्वजनिक मालकीत पडून होती, हे नियोजनकारांचे भांडवल.

याची कसोटी घ्यायला प्रयोगशाळाही तयार आहे. जिथे असा पट्टा कधी नव्हता तिथे काय झाले? बर्गंडीतच बोनपासून पोमार, व्होलने, मेर्सोमधून सांतनेपर्यंत वीसेक किलोमीटरची ‘द्राक्षबागांची वाट’ आहे, युनेस्कोने २०१५ मध्ये ज्या बागांना जागतिक वारसा म्हटले त्यांच्या ऐन मधून जाणारी. छायाचित्रांत तिच्याइतकी देखणी वाट दुसरी नसेल. पण ती शेतीच्या रस्त्यांवरून जाते. वेलींच्या रांगेवर दोन्ही बाजूंना चाके टाकून चालणारे उंच ट्रॅक्टर तिथे आधी आणि सायकली नंतर, आणि ते योग्यच आहे. बागायतदाराचे ते रोजचे कामाचे ठिकाण आहे. मोटारींपासून पूर्ण सुटका हवी असेल तर सांतनेला खाली उतरून साँत्र कालव्याचा काठ धरावा लागतो. म्हणजे नामांकित बागांच्या मधोमध मोकळी वाट नाही. ती आहे बागांच्या पायथ्याशी, जिथून पिंपे निघत असत तिथे. लुआरचे उदाहरण याहून पटणारे वाटते. त्या नदीवर पश्चिमेचा वारा शिडात भरून नावा वर चढत, त्यामुळे काठाने ओढण्याची गरज इतरांपेक्षा कमी. काठाला बाराव्या शतकापासून वाढत गेलेले पूररोधक बांध होते, पण त्यांच्या माथ्यावरून राजरस्ता धावू लागला आणि पुढे मोटारींनी तो घेतला. टूरपासून आँजेकडे जाताना उत्तर तीराच्या बांधावर आज भरधाव गाड्यांचा जिल्हा मार्ग आहे. नऊशे किलोमीटरची ‘लुआर सायकलवाट’ म्हणूनच खेडेगावांच्या आडरस्त्यांतून, पलीकडच्या तीरावरून, जमेल तशी वळणे घेत जाते. ती वाट उत्तम आहे. तिला मोकळा काठ मात्र वारशात मिळाला नाही.

दुसरी हरकत वकिली स्वरूपाची आहे आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. कोल्बेरचा हक्क नावांसाठी होता, सायकलस्वाराला त्यात कुठे जागा? बरोबर. ओढवाटेवर, म्हणजे नावा ओढण्याच्या काठावरच्या वाटेवर, सायकलस्वाराचा हक्क कधीच नव्हता. उलट १९३२ च्या जलमार्ग नियमावलीने लेखी परवानगीशिवाय कालव्याच्या बांधांवर आणि ओढवाटांवर वाहन नेण्याला मनाई केली. तेव्हा पुष्कळ नावांना स्वतःचे इंजिन बसू लागले होते आणि ओढणारे घोडे कमी होत होते. अशा वेळी हा आयता सपाट रस्ता मोटारींना खुला करावा हा विचार अगदी साहजिक ठरला असता. जलमार्ग खात्याने तो केला नाही, कारण बांध खचला तर कालवा रिकामा होईल ही त्याची चिंता. सायकलस्वारांचे हित त्याच्या स्वप्नातही नव्हते. पण या कारकुनी ताठरपणामुळे १९५० ते १९८० या दशकांत, म्हणजे देशभर मोटारीसाठी रस्ते रुंद होत असताना, हजारो किलोमीटरचे काठ बिनमोटारीचे राहिले. १९९१ मध्ये जलमार्गांचा कारभार नव्या सरकारी संस्थेकडे गेला आणि तिने स्थानिक संस्थांशी करार करून एकेक तुकडा सायकलींना दिला. आजही काठाचा धनी जलमार्गच. सायकल तिथे पाहुणी. याचा परिणाम चाकाखाली कळतो. तूलूझहून निघाल्यावर ओत-गारोन जिल्ह्याच्या हद्दीपर्यंत मिदीच्या काठाला डांबर आहे, कारण त्या जिल्ह्याने खर्च केला. हद्द ओलांडली की बरीच वर्षे पुढे होती ती माती, मुरूम आणि चिनारांची वर आलेली मुळे. ग्रॅव्हलवाल्यांना हीच वाट जास्त प्रिय. त्यांना जी रानवट वाटते ती खरे तर दोन जिल्ह्यांच्या अंदाजपत्रकांतली तफावत आहे. आणि मुळेही फार दिवसांची सोबती नाहीत: एकोणिसाव्या शतकात लावलेल्या सुमारे ४२ हजार चिनारांना २००६ पासून बुरशीच्या रोगाने गाठले, आणि हजारोंनी झाडे तोडून जाळावी लागली.

नद्यांच्या काठांवर हा हक्क कागदावर असूनही जागोजाग कुंपणे आहेत, हेही मान्य करायला हवे. समोरच्या तीरावरची ३.२५ मीटरची पायवाट अनेक बंगलेवाल्यांनी बागेत ओढून घेतली आणि तिच्यासाठी पादचारी संघटना भांडत असतात. म्हणजे नुसता कायदा पुरत नाही; जमीन सरकारच्या नावावर असावी लागते आणि तिच्यावर रोज फिरणारा कोणीतरी राखणदार लागतो. कालव्यांवर दोन्ही होते. माझा युक्तिवाद त्यामुळे थोडा आवळून सांगावा लागतो: १६६९ च्या हुकुमाने सलग काठाची कल्पना रुजवली, पण ती वाचली बहुतांशी तिथेच, जिथे कालव्याने किंवा रेल्वेने त्या कल्पनेला मालकीहक्काचे रूप दिले.

आणि मालकी सोडून दिली की काय होते तेही फ्रान्समध्येच दिसते. शेर आणि वरच्या लुआरच्या प्रदेशातला बेरी कालवा १८४० च्या सुमारास पूर्ण झाला. तीन शाखा मिळून अडीचशे किलोमीटरहून जास्त लांब, लॉक जेमतेम २.७० मीटर रुंद. त्या चिंचोळ्या नावा गाढव ओढत, आणि रात्री ते गाढव नावेतल्याच तबेल्यात झोपे. फ्रेसिनेच्या मापात हा कालवा कधीच बसणार नव्हता. १९५५ मध्ये सरकारने तो जलमार्गांच्या यादीतून काढला आणि तुकड्यातुकड्याने काठच्या गावांना दिला. मग प्रत्येक गावाने आपल्या अकलेप्रमाणे केले. कोणी पाणी राखले, कोणी तुकडा विकला, कोणी बुजवला. माँत्लुसाँ शहरातून जाणाऱ्या कालव्यावर रस्ता झाला. गेल्या दहा-पंधरा वर्षांत त्या भागातल्या गावांनी एकत्र येऊन याच काठाने सायकलवाट जोडायला घेतली आहे. पाणी असलेले तुकडे सोपे गेले. अडचण मधल्या तुटलेल्या जागांची आहे, आणि तिथे वाटेला पुन्हा मोटारींच्या रस्त्यावर यावे लागते.